कप्तान वर्स्लीचा हिशेब

कोकणातल्या तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातले कोणी ना कोणी 'बोटीवर' असेल. कोणाचे अब्बा, कोणाचे मामू, तर कोणाचे मोठे भाऊ. कुठे गेले आहेत असे विचारले, तर "बोटीवर आहेत," एवढेच आपण सांगतो. ऐकणाऱ्यालाही तेवढे पुरते. बोटीवर नेमके काय काम करतात, समुद्रात रस्ता कसा सापडतो, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. आजचा पाठ अशाच एका बोटीवरच्या माणसाचा आहे. पंधराव्या वर्षी तो जहाजावर पोऱ्या म्हणून चढला आणि पुढे पृथ्वीच्या अगदी तळाशी, बर्फाच्या समुद्रात जाऊन पोहोचला.

पाठ सुरू करण्यापूर्वी एक गंमत सांगतो. समुद्राचे मराठी शब्द शिकायला तुम्हांला मुळीच जड जाणार नाहीत. मराठीत नावेच्या मालकाला किंवा प्रमुखाला 'नाखवा' म्हणतात. हा तुमचा 'नाखुदा'च आहे. 'दर्या', 'बंदर', 'जहाज', 'खलाशी' हे शब्द तर तुम्ही घरी रोज बोलता. नाव वळवण्याचे साधन म्हणजे 'सुकाणू'. हा शब्द अरबीतून आला आहे. 'शीड' म्हणजे बादबान आणि 'होकायंत्र' म्हणजे कुतुबनुमा. अक्षांश आणि रेखांश यांना उर्दू भूगोलात अर्ज़ बलद आणि तूल बलद म्हणतात. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे सहा माणसांचा जीव त्यांच्यावर टांगलेला आहे.

न्यूझीलंड देशात अकारोआ नावाचे एक छोटे बंदर आहे. तेथे १८७२ साली फ्रँक वर्स्लीचा जन्म झाला. १८८८ साली तो 'वायरोआ' नावाच्या शिडाच्या जहाजावर नोकरीला लागला. न्यूझीलंडची लोकर लंडनला न्यायची आणि परत यायचे, हे त्या जहाजाचे काम. त्या काळात इंजिनाची जहाजे आली होती, पण शिडाची जहाजेही अजून चालत होती. ज्या मुलाला दर्यावर्दी व्हायचे असे, त्याला डोलकाठीवर चढणे, शीड गुंडाळणे, दोरांना गाठी मारणे येथून सुरुवात करावी लागे. वादळात ओल्या दोरावर पाय ठेवून उंच उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी कडक झालेले कापड आवळायचे, हा त्याचा पहिला वर्ग.

काही वर्षांनी वर्स्ली न्यूझीलंड सरकारच्या बोटींवर गेला. अंगात खोड्याही कमी नव्हत्या. समोआ बेटांतील आपिया बंदरात त्याने एकदा जर्मन वकिलातीचा झेंडाच पळवला! त्यावरून मोठा गोंधळ झाला. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा गोष्टी लिहीत नाहीत, पण मला त्या लपवाव्याशा वाटत नाहीत. वर्स्ली हा शिस्तीचा पुतळा कधीच नव्हता.

त्याची खरी शाळा पुढे आली. 'काउंटेस ऑफ रॅनफर्ली' नावाच्या शिडाच्या जहाजाचे कप्तानपद त्याच्याकडे आले. हे जहाज प्रशांत महासागरातील कुक बेटे आणि निउए या भागात फिरत असे. त्यांपैकी बऱ्याच बेटांना धड बंदर नाही. भोवती प्रवाळाचे खडक, त्यांवर फुटणाऱ्या लाटा. मोठे जहाज बाहेर उभे करायचे आणि माल, माणसे लहान होड्यांतून किनाऱ्यावर न्यायची. लाट कधी उचलेल, कधी आपटेल, दोन लाटांमधून होडी केव्हा काढायची, हे कोणत्याही पुस्तकात वाचून समजत नाही. वर्स्लीच्या हातांना ते तेथे समजले. उष्ण प्रदेशातल्या त्या निळ्या पाण्यावर शिकलेली विद्या आपल्याला बर्फाच्या समुद्रात उपयोगी पडणार आहे, हे त्या वेळी त्याला कोण सांगणार?

१९१४ साली वर्स्ली लंडनमध्ये होता. तो पुढे सांगत असे, की एका रात्री त्याला स्वप्न पडले. लंडनच्या बर्लिंग्टन स्ट्रीटवर बर्फाचे मोठमोठे ठोकळे पसरले आहेत आणि त्यांतून आपण जहाज हाकत आहोत. सकाळी उठून तो त्या रस्त्यावर गेला, तर एका दारावर पाटी दिसली. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचे ते कार्यालय होते. आत सर अर्नेस्ट शॅकल्टन बसले होते. काही मिनिटांतच वर्स्लीला 'एन्ड्युरन्स' या जहाजाचा कप्तान नेमण्यात आले. स्वप्नाची गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली, ते वर्स्लीच जाणे. पण स्वप्नामुळे कोणी कप्तान होत नाही. शॅकल्टनसमोर बसलेल्या माणसाच्या पाठीशी पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा समुद्र होता.

शॅकल्टनचा बेत असा होता, की अंटार्क्टिका खंडाच्या एका बाजूने उतरायचे आणि ध्रुवावरून चालत दुसऱ्या बाजूला निघायचे. ५ डिसेंबर १९१४ रोजी 'एन्ड्युरन्स' दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाले. जहाजावर २८ माणसे होती. तुम्ही म्हणाल, डिसेंबरात बर्फात कशाला जायचे? दक्षिण गोलार्धात डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा असतो, हे आठवा. पण त्या उन्हाळ्यातही वेडेल समुद्रातले बर्फ हटले नाही. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात घट्ट अडकले. मग दहा महिने ते बर्फाबरोबर वाहत राहिले. शेवटी बर्फाच्या दाबाने त्याच्या फळ्या फुटू लागल्या. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी सर्वांनी जहाज सोडले आणि २१ नोव्हेंबरला ते पाण्याखाली गेले.

आता माणसे बर्फाच्या तुकड्यावर तंबू ठोकून राहिली. जवळ तीन होड्या होत्या. पायांखालचे बर्फ वितळून फुटू लागले, तेव्हा ९ एप्रिल १९१६ रोजी होड्या पाण्यात ढकलल्या. त्यांपैकी 'डडली डॉकर' ही होडी वर्स्लीच्या हाती होती. तो ऐंशीहून अधिक तास झोपला नाही. सुकाणूवरून त्याला बाजूला केले, तेव्हा त्याचे शरीर बसल्या जागी आखडून गेले होते. इतरांनी त्याला ताणून सरळ केले. १५ एप्रिलला सर्वजण एलिफंट बेटावर पोहोचले. जवळजवळ सोळा महिन्यांनंतर त्यांच्या पायांना जमीन लागली.

पण ती जमीन म्हणजे नुसता खडक आणि बर्फ. तेथे माणूस राहत नव्हता आणि कोणतेही जहाज तिकडून जात नव्हते. कोणी आपल्याला शोधत येईल, ही आशाच नव्हती. मदत आणायची तर स्वतःच जायचे. कुठे? सर्वांत जवळची वस्ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला होती. त्या समुद्रात वारा सतत पश्चिमेकडून वाहतो, म्हणून वाऱ्याबरोबर जाता येईल असे ठिकाण निवडले, ते म्हणजे दक्षिण जॉर्जिया. तेथे देवमाशांची शिकार करणाऱ्यांचे तळ होते. अंतर सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. जवळजवळ मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाण्याएवढे अंतर. आणि वाहन कोणते? 'जेम्स केअर्ड' नावाची साडेबावीस फुटांची होडी. तुमच्या वर्गात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत मावली असती.

सुतार हॅरी मॅक्निश याने होडीच्या कडा आधीच उंच केल्या होत्या. आता त्याने बर्फगाडीच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणे आणि कापड वापरून तिला वरून झाकले. फटी बुजवायला चित्रकाराचे तेलरंग आणि सीलचे रक्त वापरले. होडी उलटू नये म्हणून तळाशी दगडांचे वजन भरले. २४ एप्रिल १९१६ रोजी सहा माणसे निघाली : शॅकल्टन, वर्स्ली, टॉम क्रीन, मॅक्निश, मॅकार्थी आणि व्हिन्सेंट. मागे २२ माणसे किनाऱ्यावर उभी राहून पाहत होती.

आता हिशेबाकडे येऊ. हा भाग सावकाश वाचा, कारण पाठाचा खरा जीव येथे आहे.

समुद्रावर रस्ते नसतात आणि पाट्याही नसतात. आपण कोठे आहोत, हे कळायला दोन आकडे लागतात. एक अक्षांश आणि दुसरा रेखांश. अक्षांश काढायला दुपारी बारा वाजता, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असताना, तो क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजतात. मोजण्याच्या यंत्राला सेक्स्टंट म्हणतात. हे यंत्र नवे असले तरी कल्पना जुनी आहे. हिंदी महासागरातले अरब नाविक 'कमाल' नावाचे साधन वापरत. ती एक लहान चौकोनी फळी असे आणि तिला गाठी मारलेली दोरी असे. दोरी दातांत धरून फळी डोळ्यांसमोर ताणायची. खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ताऱ्याला लागली, की गाठींवरून ताऱ्याची उंची कळे. ज्या ताऱ्याला तुम्ही सुहैल म्हणता, त्यालाच मराठीत अगस्ती म्हणतात. असे ठळक तारे नाविकांचे जुने दोस्त होते.

तुम्हीही अक्षांश मोजू शकता. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास शाळेच्या मैदानात १ मीटर लांबीची काठी सरळ उभी करा. दुपारी तिची सावली सर्वांत लहान होईल, तेव्हा ती मोजा. रत्नागिरीच्या शाळेत ती सुमारे ३१ सेंटिमीटर येईल, मुंबईच्या शाळेत सुमारे ३४. वहीवर काठी आणि सावली यांचा लहान प्रमाणात त्रिकोण काढा. काठीच्या टोकाजवळचा कोन मोजला, की तुमच्या गावाचा अक्षांश मिळतो : रत्नागिरीला १७ अंश, मुंबईला १९ अंश.

रेखांश काढणे अधिक अवघड आहे. त्यासाठी घड्याळ लागते, आणि तेही अगदी अचूक. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. ग्रीनिचला किती वाजले आहेत ते घड्याळ सांगते, आपल्याकडे किती वाजले आहेत ते सूर्य सांगतो. या दोन वेळांतल्या फरकावरून रेखांश काढतात. पण घड्याळ १ मिनिट चुकले, तर रेखांश पाव अंशाने चुकतो. दक्षिण जॉर्जियाच्या अक्षांशावर पाव अंश म्हणजे सुमारे १६ किलोमीटर. मोहीम निघाली तेव्हा जहाजावर अशी २४ घड्याळे होती. त्यांना क्रोनोमीटर म्हणतात. 'जेम्स केअर्ड' निघाली, तेव्हा त्यांतले एकच नीट चालत होते. वर्स्लीने ते थंडी आणि पाणी लागू नये म्हणून अंगाशी जपले होते.

आता कल्पना करा. लाटा इतक्या मोठ्या, की दोन लाटांच्या मध्ये होडी गेली म्हणजे शिडातला वारा पडावा. आकाश ढगांनी भरलेले. सूर्य क्षणभर दिसला, की वर्स्ली गुडघ्यांवर उभा राहायचा. त्याने बाहेर फेकले जाऊ नये म्हणून दोघे त्याला दोन्ही बाजूंनी धरायचे. होडी लाटेच्या माथ्यावर आली, की त्याच क्षणी क्षितिज दिसे. मग पुन्हा होडी खाली जाई आणि भोवती नुसत्या पाण्याच्या भिंती. त्या एका क्षणात सूर्य आणि क्षितिज जुळवून तो ओरडे, आणि शॅकल्टन घड्याळातली वेळ टिपून घेई. मग आत रांगत जाऊन गणित. गणिताची कोष्टके असलेली पुस्तके भिजून लगदा झाली होती. पान उलटताना ते फाटेल की काय, याची भीती. बोटे बधिर. पेन्सिलीने काढलेले आकडे त्याचे त्यालाच नीट वाचता येत नव्हते.

संपूर्ण प्रवासात वर्स्लीला असा सूर्य फक्त चार वेळा मिळाला. इतर दिवशी तो अंदाजी हिशेब करी. अमुक वेग, अमुक दिशा, इतके तास, म्हणजे आपण इतके पुढे आलो. वारा किती आडवे ढकलतो आणि प्रवाह किती ओढतो, तेही मनाने धरायचे. असा हिशेब साधा वाटतो, पण ८०० मैलांच्या प्रवासात दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर माणूस शेवटी १४ मैल बाजूला जातो. दक्षिण जॉर्जिया हे लांबट बेट आहे, पण त्याच्या पुढे हजारो किलोमीटर मोकळा समुद्र. बेट चुकले, तर वाऱ्याच्या विरुद्ध परत येणे त्या होडीला शक्य नव्हते. आणि ती सहा माणसे बुडाली असती, तर एलिफंट बेटावरच्या बावीस जणांची बातमीही कोणाला कळली नसती.

होडीतले दिवस कसे गेले, ते थोडक्यात सांगतो. तीन जण काम करत, तीन जण आत दगडांवर पडून राहत. चार तासांनी पाळी बदले. हरणाच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्या भिजून त्यांचे केस गळत आणि ते केस जेवणातही सापडत. एकदा होडीवर बर्फाचा इतका जाड थर साठला, की ती जड होऊन बुडू लागली. तेव्हा आळीपाळीने बाहेर सरपटत जाऊन कुऱ्हाडीने तो फोडावा लागला. पिण्याच्या पाण्याच्या एका पिंपात समुद्राचे पाणी शिरले आणि शेवटचे दिवस घसा कोरडा पडून गेले.

बेट जवळ आले, तेव्हा शॅकल्टनने वर्स्लीला विचारले, की आपण नेमके कोठे आहोत? मला वाटते, या प्रवासातली सर्वांत कठीण घडी हीच होती. वर्स्लीने छाती ठोकून ठिकाण सांगितले नाही. माझ्या हिशेबात दहा मैलांची चूक असू शकते, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या या उत्तरावर शॅकल्टनने बेत बदलला. देवमाशांच्या शिकारीचे तळ बेटाच्या दुसऱ्या बाजूला होते, पण तिकडे वळसा घालताना बेट हुकण्याचा धोका होता. म्हणून त्यांनी समोरचा, निर्जन असा पश्चिम किनारा धरला. मित्रांनो, तुम्ही गणितात उत्तर काढता आणि खाली दोन रेघा मारता. उत्तरात किती चूक असू शकेल, हे सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही. वर्स्लीकडे ती होती.

८ मे रोजी समोर काळे कडे दिसले. पण लगेच भयंकर वादळ आले आणि रात्रभर होडी खडकांवर आपटण्याच्या बेतात होती. १० मे रोजी ते एका खाडीत उतरले. उतरताना सुकाणू तुटून वाहून गेले. काही दिवसांनी तेच सुकाणू लाटांवर तरंगत, एवढा मोठा समुद्र सोडून, त्याच खाडीत त्यांच्याकडे परत आले!

अजून काम संपले नव्हते. वस्ती बेटाच्या पलीकडे होती आणि मध्ये बर्फाचे डोंगर. तो भाग आतून कोणी पाहिला नव्हता आणि नकाशात ती जागा कोरी होती. सुताराने होडीतले स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांना ठोकून दिले. १९ मेच्या पहाटे शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन चालू लागले. एका ठिकाणी अंधार पडू लागला आणि उतार किती खोल आहे ते दिसेना. थांबले असते, तर गारठून मेले असते. तिघे दोर गुंडाळून त्यावर एकामागे एक बसले आणि घसरगुंडीवरून घसरावे तसे खाली गेले. एकदा दोघांना झोप लागली. शॅकल्टनने त्यांना पाचच मिनिटांनी उठवले आणि अर्धा तास झोपलात असे सांगितले. २० मेच्या सकाळी सात वाजता दुरून कारखान्याचा भोंगा ऐकू आला. त्याच दुपारी, छत्तीस तास चालून, ते स्ट्रॉमनेसच्या तळावर पोहोचले. केस वाढलेले, चेहरे धुराने काळे. त्यांना पाहून समोरची मुले पळाली.

मागे खाडीत राहिलेल्या तिघांना आणायला वर्स्ली लगेच बोटीने परत गेला. त्याने आंघोळ आणि दाढी केली होती. त्या तिघांनी त्याला ओळखलेच नाही. आपल्यापैकी कोणीच का आले नाही, अशी तक्रार त्यांनी त्याच्यासमोरच केली!

एलिफंट बेटावरच्या बावीस जणांना सोडवायला मात्र तीन वेळा प्रयत्न फसला. दर वेळी बर्फ आडवे आले. चौथ्या वेळी चिली देशाची 'येल्चो' ही लहानशी बोट मिळाली. तिचा कप्तान लुईस पार्दो होता. ३० ऑगस्ट १९१६ रोजी सर्व बावीस जण जिवंत सापडले. बोटीवर शॅकल्टन आणि क्रीन यांच्याबरोबर वर्स्लीही होता. 'एन्ड्युरन्स'ची २८ माणसे वाचली, हे सगळीकडे सांगितले जाते. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला होती आणि तिच्यातले तीन जण परत आले नाहीत, हे फारसे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मोहिमेनंतर जवळजवळ सर्वांना ध्रुवपदक मिळाले. ज्याने ती होडी समुद्रात टिकेल अशी केली, त्या मॅक्निश सुताराला मात्र ते मिळाले नाही. बर्फावर असताना त्याने शॅकल्टनची आज्ञा मोडली होती, हे खरे. तरीसुद्धा त्याच्या हातच्या फळ्यांवर सहा माणसे आणि बावीस माणसे तगली. १९३० साली न्यूझीलंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

वर्स्ली पुढे पहिल्या महायुद्धात नौदलात गेला. १९१७ साली त्याने आपली बोट धडकवून एक जर्मन पाणबुडी बुडवली. १९२१ मध्ये शॅकल्टनने पुन्हा दक्षिणेची मोहीम काढली, तेव्हा 'क्वेस्ट' या जहाजाचा कप्तान वर्स्लीच होता. जानेवारी १९२२ मध्ये दक्षिण जॉर्जियातच शॅकल्टनचा अंत झाला. १९२५ साली वर्स्ली उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातही जाऊन आला. १९४३ साली तो वारला.

आपल्या देशाचाही या बर्फाशी संबंध आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावरून सुरू होतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' हे जहाज २१ भारतीयांना घेऊन निघाले. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. भारताच्या या पहिल्या मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. ते अलाहाबादचे, समुद्रातील जीवांचे मोठे अभ्यासक. आज भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रे अंटार्क्टिकावर आहेत आणि या सगळ्या कामाची संस्था गोव्यात वास्को येथे आहे. तेथे शास्त्रज्ञ लागतात, तसेच डॉक्टर, इंजिनिअर, स्वयंपाकी आणि जहाजी लोकही लागतात. २०१७ पासून ध्रुवाकडच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले आहेत. त्या जहाजांच्या अधिकाऱ्यांना आता बर्फातून जहाज नेण्याचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. खलाशी म्हणून जायला दहावी लागते. अधिकारी व्हायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. तुमच्या वर्गातून तिकडे कोणी गेले, तर आम्हां शिक्षकांना पत्र जरूर पाठवा.

'जेम्स केअर्ड' ही होडी आजही लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये ठेवलेली आहे. 'एन्ड्युरन्स' मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला दिसले नव्हते. ते शोधायचे कसे? एकच धागा होता, वर्स्लीने लिहून ठेवलेले अक्षांश आणि रेखांश. जहाज बुडाले त्या दिवशी ढगांमुळे त्याला सूर्य दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर्य मिळाला आणि मग त्याने हिशेबाने ती जागा ठरवली. मार्च २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या 'अगुल्हास २' जहाजावरून गेलेल्या शोधकांनी तो आकडा समोर ठेवून समुद्राचा एक तुकडा नकाशावर आखून घेतला आणि पाण्याखाली यंत्रे सोडली. ३,००८ मीटर खोलीवर जहाज सापडले. मागच्या बाजूला त्याचे नाव अजून वाचता येत होते. वर्स्लीने सांगितलेल्या जागेपासून ते सुमारे चार मैल दक्षिणेला होते.